बॅटरी गेली की?

गाडी घ्यायची असं तुम्ही घरात नुसतं बोलून बघा. पहिला प्रश्न येतो, 'अ‍ॅव्हरेज किती देते?' दुसरा, 'आणि विकताना किती येतील?' गाडी अजून दारात आलेली नसते, पण ती विकायची चर्चा जोरात! आमच्या घरी 2025 च्या ऑगस्टमध्ये या दोन प्रश्नांत तिसऱ्याची भर पडली. 'बॅटरी गेली की?'

झालं असं, की माझ्या मावसभावाला, म्हणजे दादाला, त्याच्या कंपनीने जर्मनीला पाठवायचं ठरवलं. 10 सप्टेंबरचं तिकीट. फ्लॅट भाड्याने गेला, सोफा शेजाऱ्यांनी उचलला, बंड्या (लॅब्रेडोर, वय 5, वजन विचारू नका) मावशीकडे राहणार हेही ठरलं. उरली गाडी. 2022 च्या दिवाळीत घेतलेली हायब्रिड एसयूव्ही, 48 हजार किलोमीटर झालेली, अंगावर एक ओरखडा नाही. तेव्हा रस्त्यावर यायला साडेएकवीस लाख लागले होते. दादाची अपेक्षा साडेतेरा-चौदाची.

जुलैमध्ये बायपासच्या कडेच्या एका सेकंड हँड गाड्यांच्या शोरूममध्ये तो गेला, तर मालकाने गाडीभोवती एक फेरी मारली आणि आकडा सांगितला, पावणेबारा. का? तर 'साहेब, हायब्रिड आहे ना. बॅटरीचं कोण बघणार?' दादा घरं शोधायला तीन आठवडे जर्मनीला जाऊन आला आणि पुन्हा त्याच माणसाकडे गेला. मधल्या काळात 15 ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली होती. नवा आकडा, सव्वाअकरा. गाडी तीच आणि किलोमीटरही तेच, तीन आठवडे ती जागची हललीसुद्धा नव्हती.

एका अ‍ॅपवाल्या कंपनीचा मुलगा टॅब घेऊन घरी आला. हा सीन मी स्वतः बघितला. त्याच्या टॅबवर दीडेकशे रकाने. टायर, काचा, सस्पेन्शन, क्लच. या गाडीला आपल्या नेहमीच्या अर्थाने क्लच नसतोच, पण रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडेना. त्याने 'क्लच नॉर्मल' लिहून टाकलं. मग आला 'बॅटरी' हा रकाना. त्याने छोट्या 12 व्होल्टच्या बॅटरीला मीटर लावला, 'ओके' लिहिलं आणि पुढे गेला. ज्या बॅटरीच्या नावाने सगळं पुणे भाव पाडत होतं, तिच्यासाठी त्या टॅबमध्ये जागाच नव्हती! आकडा निघाला 12 लाख 40 हजार. वर 'गाडी नेल्यावर फायनल इन्स्पेक्शन होईल' ही तळटीप.

तेव्हा दादा वैतागून मला म्हणाला, 'तूच घे ना.'

मी वारज्यात राहते, ऑफिस खराडीत. ज्यांना पुणे माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. माझी जुनी हॅचबॅक चांगली आहे, पण कर्वेनगर ते खराडी क्लच दाबून दाबून डावा गुडघा तिशीतच कुरकुरायला लागलाय. ऑटोमॅटिक हवीच होती. आणि दादाची गाडी म्हणजे घरचीच. पण घरचीच असल्यामुळे गोची अशी, की उद्या काही बिघडलं तर सेकंड हँड डीलरला शिव्या देता येतात, मावशीला नाही. आणि उलट बाजूही होती. डीलरचा पडलेला भाव दाखवून मी दादाकडून स्वस्तात गाडी उचलली, तर पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नामुंजीत ते कोणाच्या ना कोणाच्या मनात राहणार.

त्यातून बाबा!

बाबांच्या बॅटरीविषयक ज्ञानाचा उगम आमच्या इन्व्हर्टरमध्ये आहे. 2005 नंतरची ती लोडशेडिंगची वर्षं आठवतायत? तेव्हा आमच्याकडे इन्व्हर्टर आला आणि त्यासोबत एक अवजड काळी बॅटरी. बाबा दर महिन्याला टॉर्च घेऊन तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालायचे. तरी ती तीन वर्षांत मान टाकायची. मग नवी. मग तीही. मोबाइलची बॅटरी दोन वर्षांत फुगते हे तर तुम्ही-मी सगळेच बघतो. त्यामुळे 'गाडीत मोठी बॅटरी आहे' म्हटल्यावर बाबांचा चेहरा पडला. 'आठ वर्षांनी काय करणार? आणि तुझ्याकडून ती घेणार कोण?'

मी म्हटलं, आधी चालवून तर बघू. 23 ऑगस्टला, शनिवारी सकाळी, मी, बाबा आणि दादा पार्किंगमध्ये उभे. दादाने बटण दाबलं. डॅशबोर्डवर दोन-चार दिवे कसेबसे लुकलुकले आणि गाडी गप्प. पुन्हा बटण. पुन्हा गप्प.

बाबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं. ते बोलले असते तर बरं झालं असतं!

दादाचा चेहरा पांढरा. माझ्या डोक्यात हिशोब सुरू, की नशीब आज कळलं, पैसे दिल्यावर कळलं असतं तर? शेवटी मी आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्या काकांना फोन केला. ते स्कूटरवर आले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'नारंगी वायरीला मी हात लावत नाही, आधीच सांगतो.' (हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये हाय व्होल्टेजच्या केबल नारंगी रंगाच्या असतात. जिथे नारंगी, तिथे आपण बोट घालायचं नाही.) मग त्यांनी त्या छोट्या, साध्या 12 व्होल्टच्या बॅटरीला जंपर लावला. दादाने बटण दाबलं. हिरवा 'रेडी' दिवा लागला आणि गाडी आवाज न करता सुरू झाली.

म्हणजे गाडीत दोन बॅटऱ्या असतात, हा साधा फंडा आम्हा तिघांनाही नीट माहीत नव्हता. गाडी तीन वर्षं वापरणाऱ्या दादालासुद्धा! छोटी बॅटरी कॉम्प्युटर, दिवे, लॉक सांभाळते आणि मोठीला जोडणारा स्विचही तीच जागा करते. गाडी तीन आठवडे उभी राहिली, छोटी उतरली, म्हणून मोठी जागीच झाली नाही. मोठी धडधाकट होती. काही हजारांत नवी छोटी बॅटरी बसली आणि प्रश्न मिटला. पण त्या सकाळी आमच्या सोसायटीतल्या ज्या चार जणांनी तो तमाशा पाहिला, त्यांनी घरी जाऊन काय सांगितलं असेल? 'हायब्रिडची बॅटरी गेली, तीनच वर्षांत.' अफवा अशाच जन्माला येतात, राव.

पाऊण युनिटची गोष्ट

त्या शनिवारनंतर मी या विषयाच्या मागेच लागले. ऑफिसमध्ये रिलीज आणि घरी बॅटरी.

आता हे बघा. वीजबिलावरचं एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-अवर. 2020 मध्ये आलेल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी 30.2 युनिटची होती. टोयोटाची प्रियस, जिने हायब्रिड जगभर नेली, तिच्या 2003 साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या बॅटरीत 168 सेल होते आणि क्षमता होती जेमतेम 1.3 युनिट. आपल्याकडे 2022 मध्ये आलेल्या ग्रँड व्हिटारा हायब्रिडमध्ये तर पाऊण युनिटच्या आसपासची लिथियम बॅटरी आहे. थोडक्यात, आपण जिला घाबरतोय ती बॅटरी आकाराने अगदीच लहान आहे. तिला तुम्ही कधी चार्जिंगला लावत नाही. ब्रेक मारला की गाडीची जी गती वाया जाणार असते, त्यातून ती भरते, इंजिनकडूनही थोडं घेते आणि सिग्नलवरून निघताना परत देऊन टाकते.

आणि ती टिकते कशामुळे? तर गाडीचा कॉम्प्युटर तिला कधी पूर्ण भरू देत नाही आणि कधी पूर्ण रिकामी होऊ देत नाही. मधल्या पट्ट्यातच खेळवत ठेवतो. आपण मोबाइल रात्री शंभर टक्के करतो आणि दुसऱ्या संध्याकाळी दोन टक्क्यांवर आणतो, तो छळ या बॅटरीच्या वाट्याला येतच नाही. बाबांचा इन्व्हर्टर तर लोडशेडिंगमध्ये रोज तळापर्यंत उपसला जायचा. (हे त्यांना सांगितल्यावर ते म्हणाले, 'मग पाणी घालायचं नाही का त्यात?' नाही, बाबा. ती सीलबंद असते.)

पुरावा? अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहकांच्या मासिकाने 2011 मध्ये एक झक्कास उद्योग केला. 2002 च्या मॉडेलची, मूळ बॅटरीवरच जवळपास 2 लाख 8 हजार मैल, म्हणजे सुमारे 3 लाख 35 हजार किलोमीटर पळालेली प्रियस शोधून काढली आणि दहा वर्षांपूर्वी जवळजवळ नव्या प्रियसवर केलेल्याच चाचण्या तिच्यावर केल्या. नव्या गाडीने तेव्हा गॅलनला 40.6 मैल दिले होते. म्हातारीने दिले 40.4!

मंगोलियाची राजधानी उलानबातर जुन्या प्रियसनी गजबजलेली आहे. जपानमध्ये वापरून झालेल्या गाड्या तिथे येतात आणि उणे 30 अंशांच्या थंडीतही सकाळी चालू होतात, म्हणून लोकांना त्या आवडतात. सरकारने हायब्रिडला करात सूट दिली हेही आहेच. पण तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या हातात गेलेल्या गाड्यांनी एक अख्खी राजधानी फिरतेय.

मात्र सगळंच गोड नाही, आणि दुसरी बाजू सांगितली नाही तर मी आणि तो टॅबवाला मुलगा यांत फरक काय? अमेरिकेत 2006 ते 2008 च्या होंडा सिव्हिक हायब्रिडच्या अनेक मालकांच्या बॅटऱ्या खरोखरच लवकर गळाल्या. कंपनीने 2010 मध्ये सॉफ्टवेअर बदललं, बॅटरीवरचा ताण कमी केला, आणि मग मालकांची तक्रार सुरू झाली की अ‍ॅव्हरेजही कमी झालं. हेदर पीटर्स नावाच्या बाईंनी सगळ्यांच्या सामुदायिक तडजोडीत न जाता एकटीने लॉस एंजेलिसजवळच्या टॉरन्समधल्या छोट्या दाव्यांच्या कोर्टात दावा लावला. फेब्रुवारी 2012 मध्ये त्यांना 9,867 डॉलर मंजूर झाले आणि मे महिन्यात अपिलात तो निकाल फिरला. तर, 'हायब्रिडची बॅटरी जातच नाही' असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याला सिव्हिकची आठवण करून द्या. मॉडेल बघावं लागतं, वर्ष बघावं लागतं.

भाव कोण पाडतं?

आता रिसेल. इथे माझं मत स्पष्ट आहे. आपल्याकडे हायब्रिडच्या रिसेलला बॅटरीने जितकं मारलं नाही, तितकं किमतींच्या आणि करांच्या कोलांट्याउड्यांनी मारलं.

जून 2008 मध्ये होंडाने भारतात सिव्हिक हायब्रिड आणली, किंमत साडेएकवीस लाख. गाड्या खपेनात. नोव्हेंबर 2008 मध्ये कंपनीने किंमत उतरवली, तब्बल 8 लाखांनी! शिल्लक गाड्या मग भराभर गेल्या. पण ज्यांनी आधीच्या पाच महिन्यांत पूर्ण पैसे मोजले होते त्यांचं काय? त्यांच्या बॅटऱ्या नव्याकोऱ्या होत्या, आणि रिसेल एका जाहिरातीत गेली. 2017 मध्ये पुन्हा तेच. 1 एप्रिलपासून माइल्ड हायब्रिडची (जिच्यात बॅटरी इंजिनाला नुसता हातभार लावते, गाडी एकटी ओढत नाही) 'फेम' योजनेतली सवलत बंद झाली, आणि 1 जुलैला जीएसटी आल्यावर मोठ्या हायब्रिडवरचा कर साधारण 30 टक्क्यांवरून 43 टक्क्यांवर गेला. अशा बाजारात जुन्या गाडीचा भाव ठरवणार कसा? मग डीलर काय करतो? 'बॅटरीचं कोण बघणार' म्हणतो आणि दोन लाख कापून ठेवतो. त्यालाही रिस्क नकोच असते. त्याला फार दोष नाही देत मी.

पण हे कापणं किती असतं, ते ऐका. माझ्या टीममधल्या एका मैत्रिणीकडे त्याच वर्षाची, त्याच मापाची साधी पेट्रोल ऑटोमॅटिक होती. नवी घेताना तिची गाडी दादाच्या गाडीपेक्षा सव्वातीन लाखांनी स्वस्त पडली होती. मी तिला मुद्दाम त्याच शोरूममध्ये पाठवलं. तिला भाव मिळाला साडेअकरा. म्हणजे दादाने हायब्रिडसाठी जे तीन लाख जास्त मोजले होते, ते त्या माणसाच्या लेखी शून्य. शून्य पण नाही, उणे पंचवीस हजार!

हे पाहून मला दोन गोष्टी एकदमच जाणवल्या. घेणाऱ्यासाठी हा जॅकपॉट आहे. आणि तो जॅकपॉट दादाच्या खिशातून निघतोय.

1 सप्टेंबरला, सोमवारी, मावशीकडे गौरी जेवायला आम्ही सगळे जमलो. पुरणपोळीच्या दुसऱ्या फेरीला विषय निघालाच. मावशी म्हणाली, 'पितृपक्षाच्या आत काय ते करा बाई.' पितृपक्ष 8 तारखेपासून, दादाचं विमान 10 ला. म्हणजे हातात आठवडासुद्धा नाही. दादा म्हणाला, 'तू म्हणशील तो आकडा.' हे वाक्य किती भयंकर असतं, हे ज्यांनी नातलगांशी व्यवहार केलाय त्यांनाच कळेल. बाबांनी तेव्हा पहिल्यांदा कामाचं काहीतरी सुचवलं. 'आकडा तू पण सांगू नको, तो पण नको सांगू. आधी बॅटरीचा कागद आणा. कागद काय म्हणतो ते बघू.'

बंड्याचे केस

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून आम्ही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथे स्कॅनर जोडून बॅटरीची तपासणी होते. आतल्या सेलचे गट असतात. प्रत्येक गटाचे व्होल्ट वेगवेगळे दिसतात आणि गाडी चालवताना, ब्रेक मारताना त्यांत किती फरक पडतो हेही दिसतं. एखादा गट बाकीच्यांच्या मागे पडायला लागला तर समजा आजारपणाची सुरुवात. आमच्या गाडीचे सगळे गट शाळेच्या प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे एका ओळीत होते.

मग टेक्निशियनने मागच्या सीटपाशी असलेली एक जाळी उघडली आणि आतला फिल्टर बाहेर काढला. मी आधी ओळखलंच नाही. करड्या-पिवळ्या रंगाचा, लोकरीसारखा एक थर. बंड्या!

त्याचं असं आहे, की बऱ्याच हायब्रिड गाड्यांत बॅटरी थंड ठेवायला पंखा केबिनमधलीच हवा ओढतो. एसीची थंडगार हवा तुमच्याबरोबर बॅटरीलाही मिळते. त्या हवेचं तोंड मागच्या सीटपाशी असतं, आणि तिथेच तीन वर्षं बंड्या पाय पसरून प्रवास करायचा. उष्णता हा बॅटरीचा खरा शत्रू. उन्हाळ्यात चाळीस अंशांत उभी केलेली गाडी, त्यात जाळीवर पिशव्या नाहीतर कुत्र्याचे केस, म्हणजे पंखा नुसता घरघरत राहणार आणि बॅटरी आत भाजत राहणार. सेंटरवाल्याने फिल्टर साफ केला आणि वर दादाला गोड शब्दांत झापलं, की हे आणखी दोन उन्हाळे असंच राहिलं असतं तर हा रिपोर्ट असा आला नसता.

दादा घरी येईपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, 'मला तीन वर्षांत कोणी सांगितलं नाही ही जाळी काय आहे ते.' मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं. पण मॅन्युअल कोण वाचतं?

पाण्याचीही एक भीती होती. दादाची सोसायटी सिंहगड रोडला. 25 जुलै 2024 ला खडकवासल्याचं पाणी सोडल्यावर एकतानगरीत पार्किंगच्या पार्किंग बुडाली होती, ते आठवून बाबांनी विमा कंपनीकडून क्लेमचा इतिहास मागवला. दादाची सोसायटी उंचावर, क्लेम एकही नाही. पण पुण्यात सेकंड हँड हायब्रिड घेताना हा कागद मागाच. डिकीच्या खाली बॅटरी असलेली गाडी पुरात गेली असेल तर तिला नुसतं पॉलिश मारून भागत नाही.

आणि वॉरंटी? ग्रँड व्हिटारा, तिची बहीण हायरायडर आणि सिटी हायब्रिड या 2022 मध्ये आलेल्या तिन्ही गाड्यांच्या मोठ्या बॅटरीला 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर, जे आधी होईल तेवढी वॉरंटी होती. अमेरिकेत टोयोटाने 2020 च्या मॉडेलपासून ती 10 वर्षं किंवा दीड लाख मैलांवर नेली. दादाच्या बुकलेटात वॉरंटी गाडीची होती, मालकाची नव्हे. ती 2030 च्या दिवाळीपर्यंत माझ्याबरोबर राहणार होती, फक्त सर्व्हिस वेळेवर आणि कंपनीच्याच सेंटरला केलेली हवी. त्यानंतर बदलायची झाली तर किती, याचं लेखी कोटेशन मी तिथल्या तिथे मागून घेतलं. आकडा माझ्या दोन पगारांच्या घरात होता. धक्का बसला, खोटं का बोलू? पण 'बॅटरी गेली की गाडी भंगारात' ही जी आपल्याकडे समजूत आहे, तेवढा काही तो नव्हता.

हिशोब मी एका रविवारी एक्सेलमध्ये मांडला (सवय!). पेट्रोल 105 रुपये धरलं, शहरात साधी ऑटोमॅटिक 11 चं अ‍ॅव्हरेज देते आणि हायब्रिड 21 चं असं धरलं. महिन्याला 1,500 किलोमीटर फिरणाऱ्याचे सुमारे 6,800 रुपये वाचतात. नव्या हायब्रिडसाठी जास्त दिलेले तीन लाख पावणेचार वर्षांच्या आतच वसूल. पण महिन्याला 600 किलोमीटर, म्हणजे आठवड्यात दोनदा ऑफिस आणि रविवारी मॉल, असा कारभार असेल तर वाचतात फक्त 2,700, आणि तेच तीन लाख वसूल व्हायला लागतात नऊ वर्षं. बॅटरीची वॉरंटी तोवर संपलेली! वर्क फ्रॉम होमवाल्यांनी नवी हायब्रिड घेऊन 'पैसे वाचवले' म्हणू नये. हायवेलाच जास्त पळणाऱ्यांनीही नाही, कारण हायब्रिडची खरी कमाई सिग्नलवर आणि ट्रॅफिकमध्ये, जिथे इंजिन बंद राहतं आणि ब्रेकमधून वीज मिळते. युनिव्हर्सिटी चौकात अडकल्यावर फायदा होणारी ही एकमेव गाडी असावी.

आणि मी? मी महिन्याला तेराशेच्या घरात जाते, सगळी शहरात. शिवाय ते जास्तीचे तीन लाख मला भरायचेच नव्हते. ते भरून झाले होते.

3 सप्टेंबरच्या रात्री जीएसटी कौन्सिलचा निर्णय आला. या मापाच्या हायब्रिडवरचा एकूण कर 22 सप्टेंबरपासून 43 वरून 40 टक्के. अठरा लाखांच्या एक्स-शोरूम किमतीवर हा फरक साधारण 38 हजार रुपये बसतो. डीलरने नुसत्या अंदाजावरच आधी 50 हजार कापून ठेवले होते!

4 तारखेला संध्याकाळी आमच्या डायनिंग टेबलवर चार कागद मांडले. बॅटरीचा रिपोर्ट, विम्याचा इतिहास, वॉरंटीचं बुकलेट, बॅटरीचं कोटेशन. बाबांनी चष्मा लावून सगळे वाचले. मग म्हणाले, 'तेरा.' मी साडेबारा धरून बसले होते. दादा म्हणाला, 'तेरा जास्त होतात, काका. सव्वाबारा द्या.' आयुष्यात पहिल्यांदा मी असा सौदा पाहिला, जिथे विकणारा खाली येतोय आणि घेणारा वर चाललाय. आईने आतून ओरडून सांगितलं, 'पावणेतेरा, आणि चहा घ्या आता.' पावणेतेरा झाले. नवी छोटी बॅटरी आणि तपासणीचा खर्च माझ्याकडे. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या त्याच रात्री झाल्या.

2030 मध्ये ही गाडी विकायला काढली तर काय येईल, हा बाबांचा प्रश्न अजून उभाच आहे. तेव्हा तिची वॉरंटी संपत आलेली असेल आणि मीटरवर सव्वा लाख असेल. मी शून्य रुपये धरूनच हिशोब केलाय. त्यापेक्षा जे येतील ते बोनस.

दादा आता श्टुटगार्टला ट्रामने ऑफिसला जातो आणि दर रविवारी व्हिडिओ कॉलवर बंड्याच्या आधी गाडी बघतो. इकडे बाबांनी डिस्टिल्ड वॉटरची ती जुनी टॉर्च पुन्हा बाहेर काढली आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते मागच्या सीटपाशी वाकून ती जाळी काढतात आणि जुन्या टूथब्रशने साफ करतात. गाडी आमच्याकडे येऊन इतके महिने झाले, तरी अजून दर वेळी दोन-चार पिवळे केस निघतातच. ते केस बाबा दादाला कॅमेऱ्यासमोर धरून दाखवतात.